रिकामी पुडी

आत्याच्या घरामागे दोन खोल्या होत्या. भाडेकरू ठेवायचे म्हणून बांधलेल्या. पण भाडेकरू कधी टिकला नाही, आणि काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी आत्याने तिथे अळंबी लावली. खिडक्यांना ओलं गोणपाट, आढ्याला दोऱ्या, आणि दोऱ्यांना टांगलेल्या पेंढ्याच्या पिशव्या. पेंढा गरम पाण्यातून काढून निथळायचा, त्यात बी मिसळायचं आणि मग दोन-तीन आठवडे नुसतं थांबायचं. पिशवी आतून पांढरी होत जायची, कुणी रोज थोडं थोडं दूध ओतावं तशी, आणि एके दिवशी तिला पाडलेल्या भोकांतून करडे झुपके बाहेर यायचे. आत्या सकाळी दार उघडून म्हणायची, "आली गं मंडळी."

त्या खोल्यांचा वास मला अजून आठवतो. ओला पेंढा, ओली भिंत आणि त्यामागे काहीतरी गोडसर, ताज्या पिठासारखं. आता त्या जागी चार मोटारी उभ्या राहतात असं शेजारणीने कळवलं. मी बघायला गेलेले नाही.

मी तिथे राहायला गेले ती नोकरीसाठी. अन्नसंशोधन संस्थेत माझी दोन वर्षांची नेमणूक झाली होती, आणि संस्था आत्याच्या घरापासून चालत अठरा मिनिटांवर होती. आत्या बाबांची थोरली बहीण. आवाज मोठा, हात चालते, आणि कुणालाही टोपणनावं ठेवायला एका पायावर तयार. मला ती 'तराजू' म्हणायची, कारण चहाची पत्ती घेतानाही मी चमचा बोटाने सपाट करायचे.

"तराजूबाई, दोन दाणे जास्त पडले तर जग बुडतंय का?"

"जग नाही बुडत. चहा कडू होतो."

"मग साखर घाल की!"

असं आमचं चालायचं.

बाजारात अळंबीच्या छत्र्या विकल्या जात. देठ कुणी घेत नसे. बुडाकडचा देठ चिवट असतो, दाताखाली रबरासारखा येतो. आत्या आखूड सुरीने तो छाटायची आणि बादलीत टाकायची. त्यातले थोडे ती सूपात तासभर उकळायची, बाकीचे उकिरड्यावर. एका रविवारी तिच्यासोबत छाटणी करताना मी सवयीने दोन्ही ढीग तोलले. काढणीचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या बादलीत जात होता. मी एक पिशवीभर देठ उचलून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेले.

आमचे सर थोडं बोलायचे आणि बोललेलं परत घ्यायचे नाहीत. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "हा कचरा का आणलात?"

"चोथा किती आहे ते बघायचंय."

"बघा."

देठ धुतले, साठ अंशांवर वाळवले, दळले, गरम पाण्यातून आणि अल्कोहोलमधून काढले. शेवटी हातात आली ती फिकट पिवळसर पूड. छत्रीपेक्षा देठात चोथा बराच जास्त निघाला. मी तीनदा मोजलं. सरांनी चौथ्यांदा मोजलं आणि म्हणाले, "हं." त्यांच्याकडून मिळालेलं ते माझं पहिलं प्रशस्तिपत्र.

घरी आत्याला सगळं समजावून सांगितलं. अळंबीच्या पेशींच्या भिंती अशा धाग्यांच्या असतात की ते आपल्याला पचत नाहीत. पण मोठ्या आतड्यात जे जिवाणू राहतात त्यांना त्यातले काही पचतात. ते खातात आणि त्या बदल्यात काही आम्लं सोडतात. आतड्याचं अस्तर त्यांच्यावर पोसलं जातं.

आत्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे भाडेकरू पोटभर जेवले तर घर नीट राहतं."

मी आजवर विद्यार्थ्यांना ही गोष्ट अनेक प्रकारे शिकवली. याहून सोपी मला जमली नाही.

पुढे चाचणीला मंजुरी मिळाली. चाळीस माणसं, सगळी साठीच्या पुढची, सगळ्यांची पोटाची तक्रार: कोठा जड राहतो, दोन-दोन दिवस साफ होत नाही. आठ आठवडे रोज सकाळी बारा ग्रॅमची एक पुडी कोमट पाण्यातून घ्यायची. वीस जणांच्या पुडीत देठाची पूड. उरलेल्या वीस जणांच्या पुडीत शिजवून वाळवलेल्या मक्याच्या स्टार्चची पूड, रंग जुळवलेली, जिचा काही उपयोग नाही. दोन्हींत लिंबाच्या सालीचा अर्क, म्हणजे वासावरून ओळखू नये. पुडी देणाऱ्याला, म्हणजे मला, कुणाला काय मिळतंय ते कळता कामा नये. कळलं तर माझा चेहराच सांगून टाकणार. आणि पुडी भरणाऱ्याने त्या माणसांना भेटायचं नाही.

माझं त्यात काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. दोन वर्षांच्या शेवटी संस्थेत एक कायमची जागा निघणार होती आणि त्या जागेसाठी आम्ही दोघे होतो. दुसऱ्या उमेदवाराकडे तीन छापून आलेले निबंध होते. माझ्याकडे ही चाचणी होती, आणि एका विषयावर संस्था चाचणी एकदाच करू द्यायची.

पुड्या भरायला बाहेरचं माणूस हवं होतं. सर म्हणाले, "कुणी विश्वासाचं आहे?"

"माझी आत्या."

"नात्यातली?"

"ती कुणाला भेटणार नाही. आणि खोटं बोलणं तिला जमत नाही. तोंडावरच दिसतं."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "ठीक."

दर शनिवारी सरांच्या कपाटातून दोन डबे आत्याकडे जायचे, एक लाल झाकणाचा, एक निळ्या. कुठल्यात काय ते आत्याला माहीत होतं, मला नाही. तिच्याकडे आकड्यांची यादी होती: या क्रमांकांना लाल, या क्रमांकांना निळा. ती पुढच्या खोलीचं दार लावून बसायची आणि संध्याकाळी दोनशे ऐंशी पुड्या खोक्यात भरून द्यायची. मी डबे जाताना तोलायचे, येताना तोलायचे. भरलेल्या पुड्यांतली दर दहावी पुडी तोलायचे. काट्यावर सगळं जिथल्या तिथे.

ते आठ आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते, हे तेव्हा कळलं नाही. सोमवारी सकाळी संस्थेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये माणसं यायची, पुढच्या आठवड्याच्या पुड्या न्यायची आणि वही दाखवायची. वहीत रोज काय झालं ते लिहायचं होतं. सुरुवातीला सगळे लाजायचे. दोन आठवड्यांत ती लाज कुठल्या कुठे गेली.

क्रमांक एकोणीस म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. त्यांची वही वेळापत्रकासारखी असायची. "सहा वाजून दहा मिनिटांनी सुटली," ते मोठ्याने वाचायचे, "काल अर्धा तास उशीर होता, आज वेळेवर."

"अहो, हळू बोला," क्रमांक सात, एक शिंपीणबाई, त्यांना दटावायच्या. "बायका बसल्यात इथे."

"बायकांना पोट नसतं का?"

"पोट असतं. भोंगा नसतो."

सगळा हॉल हसायचा. मी वहीत डोकं खुपसून हसायचे, कारण माझ्या चेहऱ्यावर काही दिसायला नको होतं.

घरी आल्यावर आत्या हमखास विचारायची, "काय म्हणतात तुझी माणसं?"

"आत्या, तू विचारायचं नाहीस."

"बरी आहेत ना, एवढंच."

"नियम आहे."

"तुझ्या नियमाला चहा पाज," म्हणत ती उठायची. एकदा मात्र ती उठली नाही. म्हणाली, "ज्यांना नुसती पिठी मिळते ती माणसंही तेवढ्याच आशेने येत असतील, नाही?"

"येतातच. म्हणून तर तुलना करता येते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी वहीतले आकडे उतरवत होते. त्या वेळी वर बघितलं असतं तर, असं मला पुढे कितीदा वाटलं.

आठ आठवडे संपले. सुरुवातीला आणि शेवटी घेतलेले शौचाचे नमुने तपासून झाले. सरांनी यादीचं बंद पाकीट फोडलं आणि आम्ही दोघांनी टेबलावर दोन रकाने मांडले. लाल गट, म्हणजे देठाची पूड मिळालेला, थोडा सुधारला होता. निळा गटही थोडा सुधारला होता. वह्या बघा, आम्लं बघा, जिवाणू बघा. दोन रकाने जुळ्या बहिणींसारखे शेजारी बसले होते.

सरांनी दोन्ही रकाने पुन्हा वरून खाली वाचले. "होतं असं," ते म्हणाले. "दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतं, माणूस वही लिहितो, पाणी जास्त पितो. बरं वाटतं. लिहा. परिणाम नाही."

"सर, आम्लंसुद्धा दोन्हीकडे वाढलीत. विचारपूस केल्याने आम्लं कशी वाढतील?"

"पाण्याने, खाण्याने. मला माहीत नाही. जे दिसलं ते लिहा. शुक्रवारपर्यंत द्या." मग जरा थांबून म्हणाले, "चाचणी स्वच्छ झाली आहे. तिला मान असतो, निकाल काहीही असो."

मला कळलं ते काय म्हणत होते. जागा गेली नव्हती.

मी लिहायला बसले, पण आम्लांचा आकडा डोक्यातून जाईना. गुरुवारी दुपारी कपाटातलं खोकं काढलं. लोकांनी न घेतलेल्या पुड्या परत करायच्या असा नियम होता. अकरा पुड्या आल्या होत्या. मी त्या मोजल्या होत्या, तोलल्या होत्या, पण उघडून बघितल्या नव्हत्या. शिंपीणबाई लाल गटातल्या. त्यांची एक पुडी घेतली. कंडक्टर निळ्या गटातले, त्यांची एक. दोन्हींतली चिमूट चिमूट पूड दोन बशांत पाण्यात कालवली आणि आयोडिनचा एकेक थेंब टाकला. शाळेतल्या मुलालाही माहीत असतं: स्टार्च असेल तर निळं-काळं होतं. कंडक्टरांची पुडी निळी-काळी व्हायला हवी होती, शिंपीणबाईंची तपकिरी राहायला हवी होती.

दोन्ही निळ्या-काळ्या झाल्या.

मी अकराही पुड्या तपासल्या. मग बशा धुतल्या, पुसल्या, फळीवर ठेवल्या आणि घरी गेले.

आत्या मागच्या खोलीत भिंतींवर पाणी शिंपडत होती. गोणपाटातून येणाऱ्या उजेडात पिशव्या कंदिलांसारख्या लटकत होत्या.

"आत्या, लाल आणि निळ्या डब्यातल्या पुड्या तू वेगवेगळ्या भरायचीस ना?"

तिने तांब्या खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"आयोडिनने."

"तो कोण आणखी?"

"आत्या."

"बरं, बरं. नाही भरायचे वेगळ्या. मोठ्या पातेल्यात दोन्ही ओतायचे आणि हाताने एकजीव करायचे. एक गुठळी राहू दिली नाही. मग तुझे बारा बारा ग्रॅम."

म्हणून काटा जुळत होता. दोन डबे रिकामे, पुड्या वजनाला अचूक, आणि चाळीसही माणसांना अर्धी अर्धी पूड. माझ्या काट्याला यातलं काही कळायचा मार्गच नव्हता.

"का केलंस?"

"चाळीस माणसं, तराजू. वीस जणांना वाढायचं आणि वीस जणांसमोर रिकामं ताट सरकवायचं? माझ्या हाताने व्हायचं नाही ते. आहे ते सगळ्यांत वाटलं."

"मग आधी नाही म्हणायचंस!"

"तू किती आशेने आली होतीस. माझं आतडं तुटलं असतं तुला नाही म्हणताना." ती उलट्या बादलीवर बसली. "आणि तुझ्या काकांचं तुला माहीत नाही. शेवटी शेवटी पोटात काही ठरत नव्हतं त्यांच्या. बसथांब्याजवळ एक जण औषध द्यायचा. रोज दोन पुड्या, तीन महिने. घेतल्यावर म्हणायचे, बरं वाटतंय गं. ते गेल्यावर एक पुडी उरली होती. ती मी औषधांच्या दुकानदाराला दाखवली. त्याने जिभेवर ठेवली आणि म्हणाला, ताई, ही पिठीसाखर आहे."

पाणी भिंतीवरून ओघळत होतं.

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हणाले.

"तू विचारलं नाहीस. तू वजन विचारतेस."

ते मला लागलं. मी खाली पडलेले देठ गोळा करत काय झालं ते तिला सांगितलं: आता कागदावर असं येणार की देठांत काही नाही. कुणी पुन्हा त्यांच्याकडे बघणार नाही. आणि खरं सांगितलं तर चाचणी रद्द, दोन वर्षं पाण्यात.

"आणि गप्प बसलीस तर?"

"तर जागा बहुतेक मला."

आत्या उठली. पदर खोचावा तशी तिने बाह्या वर सारल्या. "जा आणि सांग. म्हातारीने घोटाळा केला म्हणून सांग."

"तुझं नाव खराब होईल."

"नावाचं काय लोणचं घालायचंय?"

मी निघाले. त्या अठरा मिनिटांत मी तीनदा थांबले. आयोडिनचं कुणी विचारणार नव्हतं. त्या अकरा पुड्या पुढच्या महिन्यात नियमाप्रमाणे फेकल्या गेल्या असत्या. मी काही खोटं लिहिणार नव्हते. फक्त एक खरं लिहिणार नव्हते. संस्थेच्या फाटकाशी आल्यावर मला तो दुकानदार दिसला, मी कधीच न पाहिलेला, जिभेवर पूड ठेवून क्षणभर आत्याकडे बघणारा. त्यालाही गप्प बसता आलं असतं.

सर घरी जायच्या तयारीत होते. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उद्या आत्याबाईंना घेऊन या."

आत्या ठेवणीतले कपडे घालून आली. दारातच म्हणाली, "साहेब, पोरीची काही चूक नाही. ओरडायचं तर मला ओरडा. पण आधी एक सांगा, तुमच्या वडिलांना दिली असती का तुम्ही रिकामी पुडी?"

मी डोळे मिटून घेतले.

"त्यांना सांगून दिली असती," सर म्हणाले.

"म्हणजे?"

सरांनी कपाटातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. संमतिपत्र. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: तुम्हाला मिळणारी पूड परिणामशून्य असू शकते, कोणती मिळते आहे हे चाचणी संपेपर्यंत तुम्हाला सांगितलं जाणार नाही. खाली सही.

आत्याने कागद हातभर लांब धरून वाचला. मग पुन्हा वाचला. "हे त्यांना माहीत होतं?"

"चाळीसही जणांना."

"माहीत असून घ्यायला तयार झाले?"

"सगळे."

ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. "मला हे का नाही सांगितलंस गं?"

मी तिला ग्रॅम सांगितले होते, क्रमांक सांगितले होते, झाकणांचे रंग सांगितले होते. पुडी कोरडी कशी ठेवायची ते दोनदा सांगितलं होतं. एवढं एक सांगितलं नव्हतं. मला ते इतकं ठाऊक होतं की कुणाला ठाऊक नसेल असं मनातच आलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"दोघींचं चुकलं," सर म्हणाले. "आणि माझं. मी विचारायला हवं होतं."

आत्याने कागद परत टेबलावर ठेवला. मग आत्याच म्हणाली, "पण साहेब, ताटं बदलता येणार नाहीत का? आधी यांना खरी, त्यांना रिकामी. मग जरा थांबायचं, पोट जागेवर येऊ द्यायचं, आणि मग उलटं. कुणी कोरडं उठणार नाही. आणि एकाच माणसाचं एकच पोट दोन्ही वेळा."

सर पहिल्यांदाच हसले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं; खालचा एक दात तुटलेला होता. अशी पद्धत शास्त्रात होतीच, आम्हालाही ती ठाऊक होती. वेळ जास्त लागतो म्हणून आम्ही ती सोडली होती. "आत्याबाई," ते म्हणाले, "यात माणसंही निम्मीच पुरतात."

त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात काय घडलं ते सरळ लिहिलं, आणि शेवटी पुन्हा एकदा परवानगी मागितली. उत्तर यायला सहा आठवडे लागले. त्या दरम्यान कायमची जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. मला एका वर्षाची मुदतवाढ मिळाली, खालच्या पदावर, आणि एक अट: आधीच्या माणसांना सगळं सांगायचं, आणि त्यांच्यातले किमान वीस जण पुन्हा तयार झाले तरच चाचणी. नाही झाले तर विषय बंद.

म्हणजे सगळं आता चाळीस रागावलेल्या पोटांवर होतं.

सोमवारी सकाळी हॉलमध्ये सदतीस जण आले. मी लिहून आणलेलं भाषण हातात धरलं होतं. आत्या म्हणाली, "थांब. घोटाळा मी केला, मी सांगते," आणि माझ्या आधी पुढे जाऊन उभी राहिली. चाचणी मोडलीच होती. तिला आता कुणाला भेटायची बंदी नव्हती. ती त्या माणसांना पहिल्यांदाच बघत होती. आठ आठवडे तिने ज्यांच्यासाठी पातेल्यात हात फिरवला ती माणसं समोर बसली होती, आणि तिचा मोठा आवाज एकाएकी लहान झाला.

तिने सांगितलं. काकांचंही सांगितलं.

मागच्या रांगेत एक जण उठून निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघे. एक बाई म्हणाल्या, "आम्ही काय खेळणी आहोत का?" आत्याने नुसती मान खाली घातली.

मग कंडक्टर उठले. "म्हणजे आठ आठवडे मी अर्ध्या तिकिटावर फिरलो?"

"हो," आत्या म्हणाली.

"आणि तरी गाडी वेळेवर?"

कुणीतरी फस्सकन हसलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "बसा हो खाली. लोकांना सही करायचीय."

मी टेबलावर नवीन कागद मांडले. वाटलं होतं मी एकेकाला बोलावेन, समजावेन. पण खुर्ची आत्याने ओढून घेतली होती. जो येईल त्याच्या हातात ती पेन द्यायची नाही. आधी कागद द्यायची.

"वाचलंत?"

"वाचलं."

"तिसरी ओळ वाचलीत? निम्मा वेळ रिकामी असणार आहे. कधी ते सांगणार नाहीत. मीसुद्धा नाही सांगणार."

"वाचली हो, बाई."

"मग घ्या."

कंडक्टर म्हणाले, "आमच्या वेळी तिकीट तपासनीसही एवढे कडक नव्हते." आत्याने त्यांनाही तिसरी ओळ मोठ्याने वाचायला लावली.

दुपारपर्यंत सव्वीस सह्या झाल्या. पुढच्या वर्षी जो फरक दिसला तो लहान होता, पण होता. दोन्ही वेळा, त्याच माणसांत, खऱ्या पुडीच्या बाजूने. पुड्या त्या वेळी संस्थेतल्या दुसऱ्या विभागाने भरल्या. आत्याने देठ वाळवून दिले, आणि निकाल सांगितला तेव्हा म्हणाली, "एवढासाच?" मी म्हटलं, एवढासाच. ती म्हणाली, "असू दे. खरा आहे ना." बाकी पुढची वर्षं, पुढची कामं, सगळं त्या लहानशा फरकावर उभं राहिलं.

पण मला निकालाच्या दिवसापेक्षा तो सोमवार जास्त आठवतो. सगळे गेल्यावर एक म्हातारे गृहस्थ उरले होते, क्रमांक एकतीस, चष्मा घरी विसरलेले. "तुम्हीच सांगा कुठे सही करू," ते म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वासबिश्वास नको," आत्या म्हणाली. तिने त्यांना शेजारी बसवलं, कागद हातभर लांब धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. ते मान हलवत होते. ती मध्येच थांबून विचारायची, "कळलं?" आणि ते म्हणायचे, "कळलं. पुढे."